खरवईचा चंद्र

बुधवार, १२ ऑक्टोबर १९५५. बदलापूर

समईत एक वात लावली, दिसल्या तीन. आधी चष्मा पुसला, मग डोळे, मग समई. तरी तीनच. देवापुढं उगीच श्रीमंती.

तांदूळ निवडायला बसले. खडा हाताला लागतो, डोळ्याला नाही. मग हातानंच निवडले. पोलक्याचं बटण तुटलंय, पण सुईत दोरा जाईना. शेजारच्या द्वारकाबाईंना हाक मारावी असं मनात आलं होतं. पण द्वारकाबाईंना सांगणं म्हणजे साऱ्या आळीला सांगणं. टाचणी लावून भागवलं.

चष्मा जुना झाला, दुसरं काही नाही. चिरंजीवांना कळवायची गरज नाही. वसंता कारखान्यात साहेब झाल्यापासून दिसेल त्या गोष्टीचा बंदोबस्त करतो. मी काही त्याच्या कारखान्यातलं यंत्र नव्हे.

बुधवार, १९ ऑक्टो.

उल्हासनगरला जाऊन आले. एकटी. वसंताला पत्ता नाही.

निर्वासितांच्या कँपाच्या बाजारात एक सिंधी चष्मेवाला आहे, चांगला आहे असं ऐकलं होतं. बराकीतच दुकान. 'आओ अमां, बैठो' म्हणून स्टूल पुसून दिलं. मग भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता. आयुष्यभर मुलींना फळ्यासमोर उभं केलं, आज मी उभी. दुसऱ्या ओळीतच नापास.

"अमां, नंबर का दोष नहीं. मोतिया है. दोनों आँख में."

म्हटलं, काच जाड दे.

"काच तो दे दूँ. पर दिखेगा नहीं. अमां को झूठा चश्मा बेचूँ क्या?"

त्याच्या मागं त्याची म्हातारी आई बसली होती, मुलाच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून. मधूनच काहीतरी विचारायची, तो मान न वळवता उत्तर द्यायचा. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाला, "पूछती है, सक्खर कब आएगा. मैं बोलता हूँ, अगला स्टेशन." आणि हसला. सक्खर म्हणजे सिंधमधलं त्यांचं सुटलेलं गाव. मला हसता आलं नाही. त्या म्हातारीची मूठच डोळ्यासमोर राहिली.

परतताना अंबरनाथ स्टेशन आलं तेव्हा डोक्यावरून पदर पुढं ओढून घेतला. व.चं घर, कारखाना तिथंच, त्याच्या ओळखीचं कुणी असायचं. मुलाला चुकवत फिरायचं, या वयात! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

सोमवार, ३१ ऑक्टो.

काल कोजागिरी. अंगणात सगळ्या जमल्या. दुधात चंद्र पाहायचा असतो, माझ्या वाटीत पुष्कळ मावले. "बाई, दूध सांडतंय तुमचं," द्वारकाबाई. म्हटलं, चंद्रालाच पाजतेय.

गुरुवारी संकष्टी. द्वारकाबाईंची आतापासून घाई: "हाक लवकर द्या हं बाई, भूक सोसत नाही आता." जसा काही चंद्र माझ्याच खुंटीला टांगलाय! पण खरं सांगायचं तर थोडासा टांगलेला आहेच. पंचांगातली वेळ मुंबईची. इथं बारवीकडच्या डोंगराआडून वर यायला त्याला आणखी वेळ लागतो, आणि पूर्वेला मोकळं आहे ते फक्त माझ्या ओट्यासमोर. बाकीच्यांना झाडं नाहीतर भिंती. त्यामुळे हे घर बांधल्यापासून दर संकष्टीला मी ओट्यावर उभी राहणार, 'उगवला गं!' म्हणून हाक देणार, आणि मगच आळीत पाट मांडल्याचे आवाज. शाळेतली घंटा गेली, ही राहिली.

द्वारकाबाईंचं यंदाचं व्रत लेकीसाठी आहे. लेक पुण्याला, दिवस गेलेत. आधीची दोन गेली. त्या हे कधी बोलत नाहीत, फक्त पाण्याचा थेंब न घेता दिवस काढतात.

शुक्रवार, ४ नोव्हें. सकाळ

काल चंद्र लवकर आला. पंचांगाच्याही आधी! छापणाऱ्याची चूक असणार. अशा चुका आयुष्यभर तांबड्या पेन्सिलीनं सुधारत आले आहे.

ओट्यावर उभी होते. पलीकडच्या खरवई गावाच्या बाजूला, झाडांच्या शेंड्यांवर, एकदम गोल, पिवळा, हा एवढा मोठा. जीव भांड्यात पडला. दिसतंय की मला! अशी हाक दिली की स्टेशनवर गाडी थांबली असेल. अर्घ्य दिलं, मोदकांचा नैवेद्य दाखवला, पोटभर जेवले.

चष्मेवाल्याला काय कळतंय.

त्याच दिवशी, संध्याकाळ

लिहू नये असं वाटतंय. पण गोड तेवढं लिहायचं आणि कडू गिळायचं, हे माझ्यानं होणार नाही.

सकाळी दारच्या विहिरीवर द्वारकाबाईंचा चेहरा वेगळा होता. म्हणाल्या, "बाई, काल जेवून मागीलदारी भांडी घासायला गेले, तर झाडांच्या फटीतून दिसलं, चंद्र नुकता डोंगरातून डोकं काढत होता. मग आपण अर्घ्य दिलं ते कुणाला?"

मी वर्गातल्या आवाजात म्हणाले, तुमचंच काहीतरी चुकलं असेल.

एवढ्यात खरवईची पारू भाजीची पाटी घेऊन आली. नेहमीसारखी ओट्यावर टेकली. द्वारकाबाईंनी तिलाच विचारलं, काल तुमच्याकडे त्या झाडांवर काय दिसत होतं? पारू खो खो हसत सुटली.

"आगं आये, ती आमचे खल्यावरची बत्ती! डुकरां येतान ना भात खावाला, म्हनून यंदा धन्यानं उंच वाशाला टांगलीय. तुमी तिला पानी सोडलांव?"

तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. आळीतल्या दोघीतिघी जमल्या, त्याही हसल्या. मीही हसले, न हसून जाते कुठं? द्वारकाबाई मात्र हसल्या नाहीत. "माझ्या लेकीचं व्रत होतं, बाई," एवढंच म्हणाल्या आणि घागर उचलून आत गेल्या.

साऱ्या आळीनं खळ्यावरच्या कंदिलाला अर्घ्य दिलं. माझ्या शब्दावर.

सोमवार, ७ नोव्हें.

द्वारकाबाई बोलत नाहीत. भिंतीपलीकडून फक्त खलबत्त्याचा आवाज, तोही रागावलेला.

शेवटी दुपारी त्यांच्या दारात गेले. म्हटलं, चुकलं माझं. कधी कुणाला म्हणायची सवय नाही. त्या भाकरीचं पीठ मळत होत्या, हात थांबला नाही.

"दिसत नव्हतं तर सांगायचं होतं. आम्ही काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"दिसत होतं हो. फक्त चंद्र नव्हता."

दुसरी कुणी असती तर हसली असती. त्यांनी पीठच जोरात मळलं. घरी आले आणि दार लावून रडले. लेकीचं काही वाईट झालं तर मी त्यांना तोंड दाखवू शकणार नाही. गणपतीबाप्पा, बत्ती माझ्या नावावर लिही, तिच्या नको.

बुधवार, १६ नोव्हें.

दिवाळी झाली. पाडव्याला व. आणि सूनबाई आली, सुधा. चकल्या तिनंच केल्या, मला तळणीपाशी येऊ दिलं नाही. तेव्हाच ओळखलं, बातमी अंबरनाथला पोचली. द्वारकाबाईंच्या यजमानांनी स्टेशनवर व.ला गाठून सगळं सांगितलं म्हणे.

"आई, कंदिलाचं ऐकलं."

तो हसला असता तर बरं झालं असतं. नाही हसला. चष्मेवाल्याचंही मग सांगून टाकलं. तो खाली मान घालून ऐकत होता, लहानपणी पाढे चुकले की बसायचा तसा. मग म्हणाला, डॉक्टरांना दाखवू, आणि नव्या वर्षापासून तू आमच्याकडे. पश्चिमेच्या बाजूला प्रशस्त क्वार्टर आहे, तुझी खोली रंगवून घेतलीय.

"या घराचं काय?"

"भाड्यानं देऊ. कुणी सज्जन बघून."

"म्हणजे घराला सज्जन भाडेकरू आणि मला सज्जन मुलगा."

त्याला लागलं. मला कळलं लागलं ते, तरी थांबले नाही. तो म्हणाला, "आई, काही कमी पडणार नाही गं तुला." सव्विसाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं, हा कडेवर होता, तेव्हा थोरले दीर अगदी हेच शब्द बोलले होते. 'या, खाऊनपिऊन राहा, काही कमी पडणार नाही.' तेही वाईट नव्हते. त्यांच्या माजघरात जन्म गेला असता, म्हणून तर ट्रेनिंगला गेले, कल्याणच्या शाळेत लागले, मुलगा वाढवला, आणि ही चार खणांची जागा उभी केली. आता तेच वाक्य, पोटच्या पोराच्या तोंडून. त्याला यातलं काय ठाऊक? त्याला मी कधी सांगितलंच नाही.

चार दिवस त्यांच्याकडे जायचं कबूल केलंय. डॉक्टरसाठी.

रविवार, २० नोव्हें. अंबरनाथ

नळ आहे. विजेचा दिवा आहे. खोलीला हिरवा रंग, खिडकीला जाळी, उशाशी तांब्याभांडं. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की सगळं घर धावू लागतं. मी तेवढी बसून.

भाजी चिरायला घेतली, सूनबाईंनी विळी काढून घेतली. दिवा लावावा म्हटलं तर काड्यापेटी कुठं ते ठाऊक नाही. विचारलं की लगेच दोघं धावतात. पाणी मागावं लागतं, पंचा मागावा लागतो, संडासचा दिवा कुणीतरी लावून द्यावा लागतो. आज मोजून बघणार होते की दिवसात किती वेळा 'अगं जरा' म्हटलं, पण लाज वाटली.

माझ्या घरी मला डोळ्यांनी दिसत नाही हे खरं, पण सवयीनं दिसतं. तिथला प्रत्येक खिळा मला ओळखतो. इथं मी आंधळी आहे.

सूनबाई वाईट नाही. संध्याकाळी वेणी घालून देत होती तेव्हा हळूच म्हणाली, "आई, मला तुमची अडचण नाही हो. मला भीती वाटते. रात्री हे झोपेतून उठून बसतात. म्हणतात, आई पडली असेल."

हे व.नं मला सांगितलं नव्हतं. आमच्या घराण्यात न सांगण्याची साथच आहे.

गुरुवार, २४ नोव्हें.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. डावा मोतीबिंदू पिकलाय, उजवा अजून कच्चा. आंब्याची आढी लावल्यासारखं बोलतात. पिकलेला आधी काढायचा. मग डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, उताणं पडून राहायचं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही. हसायचं नाही हे व.नं पुन्हा विचारून घेतलं. त्याला आईची चिंता.

मी विचारलं, त्यानंतर मी माझी एकटी राहू शकेन का?

डॉक्टर व.कडे बघून म्हणाले, "आजींना एकटं ठेवू नका."

प्रश्न माझा, उत्तर व.ला. मी समोरच्या खुर्चीत होते, कुठं गेले नव्हते.

रविवार, २७ नोव्हें. बदलापूर

घरी. व. पोचवून गेला. 'डिसेंबरपुरतं' म्हणाला, मी बरं म्हणाले.

कुलूप काढलं आणि हात आपोआप खुंटीवर, फडताळावर, काड्यापेटीवर. मुद्दाम डोळे मिटून चहा केला. सांडला नाही.

थोडा सांडला.

शनिवार, ३ डिसें.

काल संकष्टी. मी हाक दिली नाही. दार लावून आत बसले, पंचांगात वेळ पाहून त्यात अंदाजानं भर टाकली आणि जेवले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बाहेर नुसता गोंधळ. कुणी म्हणे झाला उदय, कुणी म्हणे नाही. समोरच्या घरी पाट मांडले आणि पुन्हा उचलले. दोघी झाडाखाली वाकवाकून बघत होत्या त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मध्येच कुणीतरी माझ्या दाराशी येऊन उभं राहिलं. कडी वाजवली नाही. चपलांच्या फरफटीवरून ओळखलं, द्वारकाबाई. थोडा वेळ थांबल्या आणि गेल्या. मीही उठले नाही. दोघींपैकी एकीनं कडीला हात लावला असता तर!

गुरुवार, ८ डिसें.

चुलीपाशी पदर पेटला. टोकच. जळका वास आला तेव्हा कळलं, डोळ्यांना दिसलंच नाही. पाण्याची कळशी शेजारीच होती म्हणून. हाताला फोड आलाय, तूप लावलं.

व. उगीच भीत नाही. हे आजच लिहून ठेवते, कारण उद्या मी नाकबूल होईन.

सोमवार, १२ डिसें.

सकाळी सकाळी दार धडाधडा वाजलं. उघडते तो द्वारकाबाई, हातात बर्फीची ताटली, आणि तोंडातून शब्द फुटेना. मीच घाबरले.

"मुलगी झाली! दोघी सुखरूप!"

ताटली कुणी धरली, कुठं ठेवली, काही कळलं नाही. दोघी उंबऱ्यातच बसून रडलो. मग त्यांनी डोळे पुसले आणि आपल्या मूळ पदावर आल्या. "बाई, गणपती तुमच्या कंदिलाला पावला हो!"

म्हटलं, आता सगळ्या आळीला सांगा.

"सांगून आले की! तुमच्याकडे शेवटी आले."

मग माझ्या हाताचा फोड दिसला. काही विचारलं नाही. चुलीवरचा भात स्वतः उतरवला, सुईदोरा मागून घेतला आणि बसल्या बसल्या बटण लावून दिलं. दोन महिने टाचणीवर काढले मी. एवढ्याशा गोष्टीला 'जरा लावून देता का' म्हणायचं होतं.

जाताना म्हणाल्या, "गेल्या संकष्टीला वेळेवर जेवले, पण घास गोड लागला नाही. हाक नव्हती ना."

बुधवार, २१ डिसें.

व. येऊन गेला. ऑपरेशन संक्रांत झाल्यावर. त्याआधी तपासण्या आहेत, म्हणून नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी मला न्यायला येणार.

"आणि ऑपरेशन झाल्यावर?"

"मग बघू, आई."

हे 'बघू' मी वर्गातल्या मुलींना सहलीबद्दल म्हणायचे. सहल कधीच निघायची नाही.

पण या वेळी भांडले नाही. जळका पदर त्याला दाखवला. त्यानं तो हातात घेऊन जळकं टोक बोटांनी चाचपलं. मग मीच दिरांचं सगळं सांगितलं, ते वाक्यही. "काही कमी पडणार नाही" हे पुन्हा म्हणू नकोस, म्हटलं. त्यानं मान हलवली. मग विचारलं, "मग काय म्हणू?" मला तरी कुठं ठाऊक आहे.

जायच्या दिवशी संकष्टी आहे. चंद्र उगवल्याशिवाय घर सोडणार नाही असं निक्षून सांगितलं. म्हणाला, मग रात्री राहीन, सोमवारची रजा टाकतो.

शनिवार, ३१ डिसें.

ट्रंक भरली. लुगडी, पोथ्या, जाड निबाचा हा टाक. किती थोडं लागतं! भांडी ठेवलीत. व. म्हणाला, तीही बांधून ठेव, म्हणजे भाडेकरूला— पुढं बोलला नाही, मीही बांधली नाहीत.

पारू आली. पाटीत वालाच्या शेंगा. पैसे घेईना. तिला माझ्या जाण्याचं द्वारकाबाईंकडून कळलं, म्हणजे खरवईपर्यंत कळलं.

"आये, उंद्या चौथ ना? धन्याला सांगलंय मी, चांद वर येवस्तवर बत्ती इझव म्हनून."

म्हटलं, वेडी का काय! वाल उभा आहे शेतात. डुकरं?

"खातील एक रातचां. खांव दे. बाप्पाचे नावानं." आणि पाटी डोक्यावर घेता घेता, "मंग तुमाला जां दिसंल तो चांदच."

पाठमोरी गेली. मी ओट्याच्या खांबाला धरून उभी राहिले. माझे डोळे बरे करणं तिच्या हातात नाही, म्हणून ती तिकडची बत्तीच विझवायला निघाली. उभ्या पिकावर पाणी सोडून. अशा माणसांना सोडून हिरव्या रंगाच्या खोलीत जायचं.

सोमवार, २ जानेवारी १९५६. सकाळ

कालचं लिहून ठेवते. व. आंघोळ करतोय, मग निघायचं.

संध्याकाळी ओट्यावर पाट टाकला. व. शेजारी बसला, त्यानंही उपास धरला होता. कारखान्यातले साहेब दिवसभर चहाशिवाय! मग द्वारकाबाई आल्या, मग एकेक करत सगळी आळी. आपापल्या दारात थांबायचं सोडून या खेपेला माझ्याच अंगणात. अर्घ्याचे तांबे, दूर्वा, ताम्हनं. कुणाची पोरं भुकेनं किरकिरत होती, कुणी द्वारकाबाईंच्या नातीचं नाव सुचवत होतं. द्वारकाबाई म्हणाल्या, चंद्रिका ठेवू. व. म्हणाला, कंदिली ठेवा. तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. वाळूच्या पिशव्यांत हसता यायचं नाही, तेव्हा आधीच हसून घेतलं.

खरवईकडे काळोख होता. पारूच्या धन्यानं शब्द पाळला. एवढा मिट्ट काळोख की मला वाटलं, आता जे उजाडेल ते मलाही दिसेल. डोळे ताणून बघत राहिले. काही नाही. राखाडी, नुसतं राखाडी. पदरानं डोळे पुसले, पुन्हा बघितलं. राखाडीच.

पंचांगाची वेळ होऊन गेली असावी. पोरं पेंगत होती. गप्पा चाललेल्या होत्या, वरणात मीठ कमी पडल्याचं कुणीतरी सांगत होतं.

आणि मधेच सगळ्या थांबल्या. वाक्य अर्धं टाकून. एक पोरगं 'आई, तो बघ—' म्हणालं आणि कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग एवढी शांतता की ताम्हनात पळी हलल्याचं ऐकू आलं. शेजारी व.नं श्वास रोखला होता.

तेव्हा मला कळलं.

सगळ्यांना दिसला होता. दिवसभराच्या भुकेल्या बायका, पोरं, माझा मुलगा, आणि कुणीही बोलत नव्हतं. माझ्यासाठी थांबली होती.

मी उभी राहिले. व.नं कोपराला हात लावला, धरलं नाही. आणि हाक दिली. 'उगवला गं!' आवाज फाटला थोडा. पण आळीभर पोचला.

मग एकदम गलका. अर्घ्य, आरती, पाट, ताटं. मला तो बऱ्याच वेळानं दिसला, एक फिकट ठिपका, त्याचेही तीन. त्यातल्या मधल्याला अर्घ्य दिलं.

जेवताना व.नं विचारलं, "आई, खरं सांग, दिसला होता?"

"तुला दिसला होता ना? मग बोलला का नाहीस?"

तो पानातला भात कालवत राहिला. "हाक तुझी आहे," म्हणाला.

ट्रंक अजून दारातच आहे. त्यानं रात्री ती उचलून बाहेर ठेवली नाही, आत नेली नाही. सकाळी उठल्यापासून घरभर फिरतोय. चुलीपाशी उभा राहिला, विहिरीच्या पायऱ्या चढून उतरून पाहिल्या, फडताळाला हात लावून बघितला. द्वारकाबाईंना भिंतीवरून काहीतरी विचारत होता, आवाज खाली करून. मला ऐकू येतं हे तो विसरतो. 'रात्री सोबतीला कुणी' एवढंच कळलं. त्या काय म्हणाल्या ते त्यानं भरायला घेतलेल्या बादलीच्या आवाजात बुडालं.

मला विचारलेलं नाही. मीही विचारणार नाही. आधी पट्टी सुटू दे.

पुढची संकष्टी महिनाअखेरीला. मी तेव्हा पट्टी बांधून उताणी असेन. द्वारकाबाईंनी आत्ताच येऊन विचारलं, "बाई, हाकेचं काय?"

म्हटलं, एक महिना पंचांगावर काढा. आणि माझ्या ओट्यावर पापड वाळत घालू नका. मोकळा राहू दे.

व.ची आंघोळ झाली. हाका मारतोय.